यशस्वी उद्योजक सुचवतात ती पुस्तके: सांगली परिसरातील लहान व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीतील आम्ही काही लहान कारखानदार, सांगलीच्या पेठेतील दोन-तीन व्यापारी आणि तासगाव भागातील काही बेदाणा उत्पादक असे मिळून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एकत्र बसतो आणि व्यवसायाविषयीचे एखादे पुस्तक वाचून त्यावर बोलतो. जगातील नामांकित उद्योजकांनी सुचवलेली पुस्तके कोणती, ती आपल्याला झेपतील का, त्यांतून खरोखर काही हाती लागते का, असे प्रश्न नव्याने येणारी मंडळी सतत विचारतात. फोनवर उत्तरे देताना घाई होते आणि महत्त्वाचे तेच राहून जाते, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत. मी स्वतः पंपाच्या इम्पेलरचे (पंपातील पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राचे) मशिनिंग करणारा लहान कारखाना चालवतो, त्यामुळे उदाहरणे त्या अंगाने जास्त आली आहेत.

अब्जावधी डॉलरच्या कंपन्या चालवणाऱ्यांनी सुचवलेली पुस्तके दहा-बारा माणसांच्या कारखान्याला काय कामाची?

ही शंका योग्य आहे आणि पहिल्या वर्षी आम्हालाही ती होती. मात्र या मंडळींनी सुचवलेल्या पुस्तकांपैकी जी टिकली, ती बहुतेक साध्या प्रश्नांवरची आहेत. माल कोठे अडतो, आपला वेळ कोठे जातो, भाव पडला की घाबरावे का, जुने गिऱ्हाईक सांभाळताना नवे हातचे जाते का, हे प्रश्न कारखान्याच्या आकाराप्रमाणे बदलत नाहीत. फरक इतकाच की मोठ्या कंपनीत चूक पचवण्याची ताकद असते. आपल्याकडे एक चुकीचे कर्ज सात वर्षे मानगुटीवर बसते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या अनुभवाची गरज आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

याद्या तर शेकडो आहेत. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

कोणी सुचवले यापेक्षा तो माणूस ते वाचताना कोणत्या अडचणीत होता, हे आधी पाहावे. वॉरन बफे यांनी बेंजामिन ग्रॅहम यांचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९५० च्या सुरुवातीला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वाचले. त्या वेळी ते शेअर कसे निवडावेत याची नक्की पद्धत शोधत होते आणि ती त्यांना त्या पुस्तकात मिळाली. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१३ साली आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांबरोबर दिवस-दिवसभर बसून तीन पुस्तके वाचली: पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’, क्लेटन ख्रिस्टेन्सन यांचे ‘द इनोव्हेटर्स डायलेमा’ आणि एलियाहू गोल्डरॅट यांचे ‘द गोल’. प्रचंड वेगाने वाढणारी गोदामे, त्यांत अडकणारा माल आणि अधिकाऱ्यांचा अपुरा वेळ या अडचणींशी ती निवड किती जुळते, ते सहज दिसते.

म्हणून नव्या सभासदाला आम्ही पुस्तकाचे नाव आधी सांगत नाही. गेल्या तीन महिन्यांत रात्री झोप कशामुळे उडाली, ते आधी विचारतो. उत्तर ‘वसुली’ असेल तर त्याला नव्या कल्पनांवरचे पुस्तक देऊन काहीही साधत नाही, मग ते सुचवणारा जगातील सर्वांत श्रीमंत माणूस का असेना. पुढील उत्तरे याच रीतीने, अडचणीप्रमाणे लिहिली आहेत.

ऑर्डर आहेत, माणसे आहेत, यंत्रे आहेत, तरी माल वेळेवर जात नाही. यावर काय वाचावे?

‘द गोल’. हे पुस्तक १९८४ साली आले आणि ते कादंबरीच्या रूपात आहे. ॲलेक्स रोगो नावाच्या कारखाना व्यवस्थापकाला तीन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात कारखाना सुधारला नाही तर तो बंद होणार असतो. या काळात तो मुलाच्या स्काउट पथकाबरोबर डोंगरवाटेने चालायला जातो. हर्बी नावाचा एक मुलगा हळू चालत असल्यामुळे रांग लांबत जाते, आणि पुढची मुले कितीही भराभर चालली तरी पथक हर्बी पोहोचेल तेव्हाच पोहोचते. रोगो हर्बीला रांगेच्या पुढे आणतो, त्याच्या पाठीवरच्या पिशवीतील जड सामान इतरांत वाटून देतो, आणि सगळी रांग एकत्र व पूर्वीपेक्षा लवकर पुढे सरकू लागते.

मी हे वाचले तेव्हा आमच्या कारखान्यात तिसरे सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे यंत्र) घेण्याची तयारी पूर्ण झाली होती. कोटेशन हातात होते आणि बँकेत द्यायच्या कागदांवर सह्याही झाल्या होत्या. आमचे काम साधारण असे चालते: फौंड्रीतून आलेले इम्पेलरचे कास्टिंग (ओतीव नग) सीएनसीवर टर्निंगला जाते, मग स्लॉटिंगवर चावीची खाच पडते, नंतर बॅलन्सिंग होते, आणि शेवटी तपासणी होऊन माल चलनासह (माल पाठवल्याच्या कागदासह) बाहेर पडतो. बॅलन्सिंगच्या यंत्रावर इम्पेलर फिरवून कोणत्या बाजूला वजन जास्त आहे ते पाहतात, तेथे खडूने खूण करतात, तेवढी धातू घासून काढतात आणि पुन्हा फिरवून पाहतात. एका नगाला कधी दोन फेऱ्या पुरतात, कधी पाच लागतात.

पुस्तक मिटल्यावर पंधरा दिवस आम्ही एकच काम केले. रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक यंत्रासमोर किती नग पडून आहेत ते मोजून फळ्यावर लिहिले. टर्निंगसमोर चाळीस-पन्नास, स्लॉटिंगसमोर तीसेक आणि बॅलन्सिंगसमोर तीनशेच्या वर. हा ढीग आम्ही सगळे रोज पाहत होतो आणि त्याच्या कडेने ट्रॉली नेत होतो, पण तो आमच्या लेखी जागेचा प्रश्न होता. तिसरे सीएनसी आले असते तर तो ढीग फक्त दुप्पट वेगाने वाढला असता आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाला असता.

यंत्रासमोर उभे राहून पाहिल्यावर आणखी दोन गोष्टी समजल्या. ते यंत्र चालवणारा एकच माणूस होता, त्यामुळे त्याचे जेवण, दोन वेळचा चहा आणि नग आणायला जाणे या सगळ्या वेळात यंत्र बंद राहत होते. शिवाय ज्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी) होते, तेही बॅलन्सिंग करून मगच तपासणीत बाद होत होते. म्हणजे सर्वांत अडलेल्या यंत्राचा वेळ आम्ही भंगारावर घालवत होतो. दुसऱ्या एका मुलाला बॅलन्सिंग शिकवले, जेवणाच्या वेळा पुढे-मागे केल्या आणि ब्लोहोलची तपासणी बॅलन्सिंगच्या आधी घेतली. हे उपाय पुस्तकात जवळजवळ असेच आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून ढीग उतरू लागला आणि कर्जाचे कागद कपाटात गेले. पुढे ढीग स्लॉटिंगसमोर सरकला, आणि तो तसा सरकतो हेही पुस्तकात लिहिलेले आहे, त्यामुळे आम्ही घाबरलो नाही.

दुकान किंवा किरकोळ विक्रीचा व्यवसाय असेल तर?

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचे आत्मचरित्र वाचावे. ते १९९२ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले आणि बेझोस यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव असल्याचे सर्वज्ञात आहे. वॉल्टन दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन तेथील मांडणी, भाव आणि पद्धती टिपून घेत. ब्राझीलमधील एका दुकानात तर दोन रांगांमधली जागा गुडघ्यांवर बसून मोजत असताना त्यांना पोलिसांनी धरले होते. त्या वेळी ते अमेरिकेतील अत्यंत यशस्वी व्यापारी होते, तरी शिकण्यासाठी जमिनीवर बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमच्या गटातील एका किराणा व्यापाऱ्यांनी हे वाचल्यावर मारुती चौक ते विश्रामबाग या पट्ट्यातील दुकाने आठवडाभर हिंडून पाहिली. इतरांकडे काय वाईट आहे हे त्यांना पूर्वीपासून पाठ होते. काय चांगले आहे, ते त्यांनी त्या आठवड्यात प्रथमच लिहून काढले.

हळद किंवा बेदाण्याच्या व्यापाराला, शेतीला गुंतवणुकीवरचे पुस्तक कसे उपयोगी पडेल?

ग्रॅहम यांच्या पुस्तकातील आठवे आणि विसावे ही दोन प्रकरणे बफे आवर्जून वाचायला सांगतात. आठव्यात ग्रॅहम बाजाराला एक माणूस मानतात. हा तुमचा भागीदार रोज दारात येऊन भाव सांगतो. कधी उत्साहाच्या भरात फार जास्त, कधी निराश होऊन फार कमी. त्याचा भाव घेण्याचे किंवा त्याला परत पाठवण्याचे स्वातंत्र्य तुमच्याकडे असते, आणि उद्या तो पुन्हा येतोच. विसावे प्रकरण सुरक्षिततेच्या अंतराविषयी आहे: आपला अंदाज चुकला तरी बुडणार नाही इतकी जागा व्यवहारात आधीच राखून ठेवावी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेल्या माणसाला हा भागीदार ओळखायला वेळ लागणार नाही. परंतु येथे एक फरक आहे आणि तो आम्ही पहिल्या वाचनात विसरलो होतो. भागीदाराला परत पाठवता येते ते हातात रोकड असेल तेव्हा. ज्याला सोसायटीचे कर्ज फेडायचे आहे आणि मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे, त्याला त्या दिवशीचा भाव घ्यावाच लागतो. हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. तिचा अर्थ मला हे प्रकरण वाचल्यानंतर नीट कळला. साठवण आणि तारणावरचे कर्ज या दोन सोयी हाताशी असल्या तरच बाजाराला ‘उद्या ये’ म्हणता येते. म्हणून या पुस्तकाबरोबरच बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेची माहितीही घ्यावी. आमच्याकडील बेदाणा उत्पादकांना दोन्हींचा मिळून उपयोग झाला.

बिल गेट्स यांचे आवडते पुस्तक कोणते, आणि ते इतके जुने असूनही वाचावे का?

जॉन ब्रुक्स यांचे ‘बिझनेस ॲडव्हेंचर्स’. १९९१ साली गेट्स यांची बफे यांच्याशी पहिली भेट झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बफे यांना व्यवसायावरचे आवडते पुस्तक विचारले. बफे यांनी स्वतःची प्रत पाठवून दिली. २०१४ साली गेट्स यांनी याविषयी लिहिले, तेव्हा ती प्रत अजून त्यांच्याकडेच होती. तोवर हे १९६९ सालचे पुस्तक बाजारातून नाहीसे झाले होते. गेट्स यांच्या लेखामुळे ते पुन्हा छापले गेले.

यातील फोर्ड कंपनीच्या एड्सेल मोटारीचे प्रकरण प्रत्येक उत्पादकाने वाचावे. ही मोटार सप्टेंबर १९५७ मध्ये मोठा गाजावाजा करून बाजारात आली आणि १९५९ संपण्यापूर्वी बंद झाली. नाव ठरवण्यासाठी लोकांची मते घेतली, एका नामवंत कवयित्रीकडूनही नावे मागवली, आणि शेवटी त्यांतले काहीच न घेता हेन्री फोर्ड यांच्या मुलाचे नाव दिले गेले. पाहणी करायची आणि निर्णय मात्र मनातलाच घ्यायचा, हा प्रकार आपल्याकडे अगदी घरोघरी चालतो. पुस्तक जुने आहे हाच त्याचा गुण आहे, कारण त्या प्रकरणांचा शेवट आता सर्वांना माहीत आहे आणि त्यामुळे चर्चा भरकटत नाही.

सगळी कामे माझ्यावरच येऊन पडतात. माणसांकडून काम करून घेण्यावर काय वाचावे?

इंटेलचे अँड्र्यू ग्रोव्ह यांचे ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ हे १९८३ सालचे पुस्तक. फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांच्यासह सिलिकॉन व्हॅलीतील अनेकांनी ते आपल्या घडणीत महत्त्वाचे मानले आहे. त्याची सुरुवात न्याहारीपासून होते: तीन मिनिटे उकडलेले अंडे, लोणी लावलेला टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम गरम कशी द्यायची? ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्या अंड्याभोवती बाकीच्या कामांच्या वेळा बसवायच्या. ग्रोव्ह यांचा मुख्य मुद्दा असा की व्यवस्थापकाचे काम त्याने स्वतः किती केले यावरून मोजायचे नसते. त्याच्या हाताखालच्या आणि त्याच्या प्रभावाखालच्या माणसांकडून एकूण किती काम झाले, यावरून मोजायचे असते. स्वतः लेथवर उभे राहून मालक झालेल्या आमच्यासारख्यांना हे पटायला जड जाते, कारण हात काळे झाले नाहीत तर दिवस वाया गेला असे वाटते.

याला जोडून ड्रकर यांचे १९६७ सालचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ वाचावे, आणि निदान वेळेवरचे प्रकरण वाचल्याशिवाय ते खाली ठेवू नये. आपला वेळ कोठे जातो हे आठवून सांगू नये, घडत असतानाच लिहून ठेवावे, असे ते सांगतात. मी दोन आठवडे तसे लिहिले. माझ्या समजुतीप्रमाणे माझा अर्धा दिवस उत्पादनावर जात होता. नोंदीप्रमाणे त्याहून जास्त वेळ उधारीच्या फोनांवर आणि टेम्पोची वाट पाहण्यात जात होता.

आमचा माल अजून विकला जातो, पण पुढची दहा वर्षे तो राहील की नाही याची धास्ती आहे. काही मार्गदर्शन?

इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कुपवाड, मिरज आणि कोल्हापूरच्या अनेकांच्या मनात विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे ही धास्ती आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ग्रोव्ह यांच्याच ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ या १९९६ सालच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. १९८५ साली जपानी कंपन्यांपुढे इंटेलच्या मेमरी चिपचा टिकाव लागत नव्हता आणि कंपनी तर त्याच चिपवर उभी राहिली होती. ग्रोव्ह यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारले की आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला तर तो काय करील. मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. त्यावर ग्रोव्ह यांचा प्रश्न होता: मग आपणच दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि तेच का करू नये? हा प्रसंग आम्ही बैठकीत वाचला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

ख्रिस्टेन्सन यांचे ‘द इनोव्हेटर्स डायलेमा’ हे १९९७ चे पुस्तक याची दुसरी बाजू दाखवते. संगणकातील डिस्क बनवणाऱ्या चांगल्या, मेहनती कंपन्या बुडाल्या त्या आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांचे मनापासून ऐकल्यामुळे. त्या गिऱ्हाइकांना लहान आकाराची डिस्क नको होती आणि नव्या गिऱ्हाइकांना नेमकी तीच हवी होती. ज्याचा ऐंशी टक्के माल एकाच कंपनीला जातो त्याने हे पुस्तक सावकाश, हातात पेन्सिल घेऊन वाचावे. त्यातून तयार उत्तर मिळणार नाही. आजच्या मोठ्या गिऱ्हाइकाला नको असलेले असे कोणते लहान काम आपण गेल्या वर्षी परत पाठवले, एवढे शोधले तरी पुष्कळ होते.

नवे युनिट टाकायचे आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट तयार आहे. तरी काही वाचावे का?

डॅनियल कानेमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या २०११ च्या पुस्तकातील नियोजनाच्या चुकीवरचे प्रकरण वाचावे. त्यांच्या गटाने एक पाठ्यपुस्तक दीड ते अडीच वर्षांत पूर्ण होईल असा अंदाज केला होता. मग गटातीलच एका तज्ज्ञाला इतर गटांचा अनुभव विचारला, तेव्हा त्याने सांगितले की साधारण चाळीस टक्के गट काम पूर्णच करू शकले नाहीत आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षे लागली. प्रत्यक्षात त्यांना आठ वर्षे लागली. आपल्या रिपोर्टमधील आकडे पुन्हा तपासण्यापेक्षा शेजारच्या चार शेडवाल्यांना वीजजोडणी मिळण्यापासून पहिल्या चलनापर्यंत किती महिने लागले ते विचारून यावे.

ही सगळी नावे परदेशी आहेत. आपल्या मातीतले काही नाही का?

आहे, आणि सांगली-साताऱ्याइतके ते फार थोड्या जिल्ह्यांत असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना त्यांनी लोखंडी नांगर विकला. नवी वस्तू बनवणे आणि ती लोकांना पटवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे समजून घेण्यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज नाही. शंतनुराव किर्लोस्कर यांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे आत्मचरित्र आम्ही नव्या सभासदांना आवर्जून देतो. सरकारी परवान्यांच्या काळात कारखाना कसा वाढवला, ते त्यात सविस्तर आहे. याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली कारखान्याचे बातमीपत्र म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे मराठीतील एक मोठे मासिक झाले, हे आजच्या जाहिरातवाल्यांनी अभ्यासावे असे उदाहरण आहे.

कराडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना उभा राहिला आणि तेथला प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या कामाला पूर्णपणे वाहून घेण्यापूर्वी ओगल्यांच्या मालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव पायपीट केली होती. त्यांची चरित्रे विक्रीच्या दृष्टीने कोणी वाचत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुधाच्या व्यवसायातल्यांनी वर्गीस कुरियन यांचे ‘आय टू हॅड अ ड्रीम’ वाचावे. १३ मे १९४९ रोजी काहीशा नाखुशीने आणंदला आलेला हा अभियंता तेथेच राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. आपल्या भागातील डेअरी, साखर कारखाने आणि सूतगिरण्या सहकारावर उभ्या राहिल्या. त्यांत काय बिघडले याची चर्चा चहाच्या गाड्यावर रोज होते, पण काय जमले होते ते समजून घ्यायला हे पुस्तक लागते.

‘महान कंपन्यांची रहस्ये’ सांगणाऱ्या पुस्तकांवर किती विश्वास ठेवावा?

जपून ठेवावा. जिम कॉलिन्स यांचे २००१ सालचे ‘गुड टू ग्रेट’ हे असंख्य कंपनीप्रमुखांनी सुचवलेले पुस्तक आहे आणि त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र त्यातील अकरा महान कंपन्यांपैकी सर्किट सिटीने २००८ साली दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. फिल रोझेन्झवाइग यांचे २००७ सालचे ‘द हेलो इफेक्ट’ यावर नेमके बोट ठेवते: कंपनीला नफा होत असला की तिचा प्रमुख द्रष्टा दिसतो, आणि तोटा होऊ लागला की तोच प्रमुख हट्टी दिसतो.

आमच्याच एमआयडीसीत बंद पडलेल्या शेडमधील मालकही पहाटे उठत होते, कामगारांशी चांगले वागत होते आणि गुणवत्तेवर जोर देत होते. त्यांना कोणी पुस्तके सुचवायला सांगत नाही. म्हणून आम्ही वर्षातून एकदा, पुस्तकाऐवजी, व्यवसाय बंद करावा लागलेल्या एखाद्या ज्येष्ठ कारखानदाराला बोलावतो आणि त्यांचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकतो. वर्षभरातील ती सर्वांत महत्त्वाची बैठक असते असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आत्मचरित्रे तरी खरी असतात का?

सगळी सारखी नसतात. नायकीचे फिल नाइट यांचे ‘शू डॉग’ हे २०१६ सालचे आत्मचरित्र बफे आणि गेट्स या दोघांनीही वाखाणले. ते सुरुवातीच्या काळातील रोकडटंचाई, बँकेने हात वर करणे आणि स्वतःच्या चुका यांवर मोकळेपणाने लिहिते. विक्री दरवर्षी वाढत असताना खिशात पैसा का नसतो, हे आपल्यापैकी अनेकांचे दुःख त्यात पानोपानी आहे. ज्या आत्मचरित्रात लेखकाने कोणाचे देणे थकवले होते ते कोठेच येत नाही, ते आम्ही अर्ध्यावर सोडतो.

इंग्रजी वाचायला जड जाते. काय करावे?

संकोच करू नये. वरीलपैकी काही पुस्तके मराठी अनुवादात मिळतात. दुकानदाराला नाव देऊन चौकशी करावी. जे मिळत नाही ते आम्ही प्रकरणे वाटून घेऊन वाचतो आणि ज्याच्याकडे जे प्रकरण असेल त्याने ते मराठीत, आपल्या धंद्यातील उदाहरण देऊन सांगायचे असते. यात पुस्तक इंग्रजीत सहज वाचणाऱ्याचाही फायदा होतो, कारण ‘कॉन्स्ट्रेंट’ हा शब्द त्याने वाचलेला असतो, पण ‘माल कोठे तुंबतोय’ असे म्हणेपर्यंत तो त्याला समजलेला नसतो.

मोबाइलवर पंधरा मिनिटांचा सारांश ऐकला तर चालेल का?

कोणते पुस्तक घ्यावे हे ठरवण्यापुरता चालेल. ढीग मोजायला हवा हे मला सारांशातूनही कळले असते. पण रोगोचा कारखाना तीनशे पाने माझ्या डोक्यात राहिला नसता तर मी पंधरा दिवस फळ्यापाशी उभा राहिलो नसतो.

रस्त्यावर स्वस्त प्रती मिळतात, पीडीएफही फिरतात. त्या घ्याव्यात का?

घेऊ नयेत. लेखकाचा आणि प्रकाशकाचा हक्क बुडवून छापलेली ती प्रत असते. आपल्या ड्रॉइंगवरून दुसऱ्याने माल बनवला तर आपण शांत बसत नाही. शिवाय ग्रॅहम यांच्या पुस्तकाची अशी एक प्रत गटात आली होती, तिच्यातील तक्ते इतके पुसट होते की आकडे वाचताच येत नव्हते.

पुस्तके कोठे मिळतील?

सांगली नगर वाचनालय १८६९ पासून चालू आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तेथील हजारो पुस्तके कृष्णेच्या पाण्यात गेली, ती हानी आजही मनाला लागते. त्यामुळे सभासद होऊन वर्गणी भरणे आणि वाचून झालेली चांगली पुस्तके वाचनालयाला देणे, हे सांगलीकर व्यावसायिकांचे कर्तव्य आहे असे मी मानतो. साताऱ्याकडील मंडळींनी महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार येथे थांबावे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे आणि तेथे गावकऱ्यांच्या घरांत बसून चरित्रे-आत्मचरित्रे वाचता येतात. नवी पुस्तके सांगली आणि मिरजेतील विक्रेते मागवून देतात.

वडील म्हणतात, पुस्तके वाचून धंदा होत नाही. त्यांना काय सांगावे?

त्यांच्याशी वाद घालू नये, कारण त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. माझ्या वडिलांनी व्यवसायावरचे एकही पुस्तक वाचले नव्हते. मात्र त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती, आणि कोणत्या तारखेच्या कास्टिंगमध्ये किती नग ब्लोहोलने गेले, त्या दिवशी पाऊस होता का, वाळू ओली होती का, हे ते पेन्सिलने लिहून ठेवत. गुणवत्तेवरील जपानी पुस्तके आमच्या गटाने वाचली, तेव्हा त्यांत दाखवलेला तक्ता आणि ती वही मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. रकाने जवळजवळ तेच होते. वडिलांना पुस्तक वाचून दाखवावे आणि त्यांच्याकडे याविषयी काय नोंद आहे ते विचारावे.

कामगारांना आणि सुपरवायझरना ही पुस्तके द्यावीत का?

द्यावीत, परंतु घरी वाचून या असे सांगून देऊ नयेत. पगारी वेळेतील अर्धा तास त्यासाठी काढावा आणि एखादाच प्रसंग मराठीत सांगावा. हर्बीची गोष्ट आम्ही दुपारच्या पाळीला सांगितली तेव्हा बॅलन्सिंगवरच्या माणसाने लगेच विचारले की त्याच्या पिशवीतले कोणते ओझे कमी करणार. नग आणून देण्यासाठी मदतनीस देण्याची कल्पना त्याचीच होती.

तुमच्या बैठकीला येण्यासाठी काय करावे लागते?

वर्गणी नाही आणि पुस्तक आधी पूर्ण वाचलेलेच असावे अशी अटही नाही. येताना एका कागदावर आपल्या व्यवसायातील सध्याची एकच अडचण, शक्य असल्यास आकड्यांसह, लिहून आणावी: किती नग पडून आहेत, किती दिवसांची उधारी आहे, किती माणसे वर्षात सोडून गेली. ‘मार्केट डाऊन आहे’ असे लिहिलेला कागद आम्ही परत देतो. बैठक सकाळी साडेआठला सुरू होते आणि साडेदहाला संपते, कारण त्या दिवशी अनेकांना घरच्यांना घेऊन हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जायचे असते.